देवमाशाच्या दातावरचं गोंदण: स्क्रिमशॉ म्हणजे नक्की काय असतं?

रत्नागिरी, ठाणे, पुणे, कुठलं ना कुठलं गाव घ्या, दर काही महिन्यांनी बातमी येतेच की व्हेल माशाची उलटी विकायला आलेल्यांना पोलिसांनी पकडलं, किंमत अमुक कोटी. ती उलटी म्हणजे अंबरग्रीस. खरं तर ती उलटी नसतेच, स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा गोळा असतो. पण आज मला त्या गोळ्याबद्दल नाही, त्याच प्राण्याच्या दाताबद्दल लिहायचंय. कारण दोनशे वर्षांपूर्वी या दातावर चित्रं कोरायची एक अख्खी कला जन्माला आली, तिला स्क्रिमशॉ म्हणतात, आणि आपल्याकडे ते नावही फारसं कुणी ऐकलेलं नसतं. मीही नव्हतं ऐकलं. माझी बहीण बॉस्टनजवळ राहते, तिच्याकडे गेले असताना ती मला न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममधे घेऊन गेली. स्क्रिमशॉचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह तिथे आहे. मी तासाभरात बघून निघू म्हणून आत गेले आणि संध्याकाळी म्युझियम बंद व्हायच्या वेळेला बाहेर आले. तेव्हापासून वाचतेच आहे.

आधी प्राणी आणि धंदा समजून घेऊ

देवमासे मुख्यतः दोन प्रकारचे. एकाला दात नसतातच, दातांच्या जागी वरच्या जबड्यातून झालरीसारख्या पट्ट्या लोंबत असतात, त्यातून पाणी गाळून तो बारीक जीव खातो. २०१५ मधे रेवदंड्याच्या किनाऱ्यावर येऊन ब्लू व्हेल मेला होता तो या प्रकारातला, २०२३ मधे गणपतीपुळ्याला जे पिल्लू किनाऱ्यावर अडकलं होतं तेही याच प्रकारातलं. दुसरा प्रकार दातवाला, आणि त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे स्पर्म व्हेल. नर पन्नासेक फूट लांब होतो, हजार मीटरपेक्षा खोल बुडी मारून माकल्या खातो. मोठे दात फक्त खालच्या जबड्यात, दोन रांगांत मिळून साधारण चाळीस ते पन्नास, एकेक दात वीतभर आणि चांगल्या मोठ्या नराचा असेल तर किलोभर वजनाचा.

याला मारायचे ते मात्र तेलासाठी. डोक्यात स्पर्मासेटी नावाचा मेणासारखा पदार्थ भरलेला असतो, त्याच्या मेणबत्त्या सगळ्यात स्वच्छ जळायच्या, आणि अंगावरच्या चरबीचं तेल दिव्यांना आणि यंत्रांना. रॉकेल यायच्या आधीचं जग डोळ्यांसमोर आणा म्हणजे या तेलाची किंमत कळेल. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरची नॅन्टकेट आणि न्यू बेडफर्ड ही गावं याच तेलावर श्रीमंत झाली. १८४० च्या दशकात अमेरिकेची सातशेहून जास्त जहाजं देवमासे मारत जगभर फिरत होती, बाकी सगळ्या देशांची मिळूनही तेवढी नव्हती. अटलांटिकमधले मासे कमी झाले तसे हे लोक दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून प्रशांत महासागरात जायला लागले, आणि एकेक सफर तीन-तीन, चार-चार वर्षांची व्हायला लागली.

मग दात खलाशाच्या हातात आलाच कसा?

मला वाटतं सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे म्हणून इथे जरा थांबते.

तुम्ही म्हणाल प्राणी मारला, दात निघाले, कोरले, त्यात काय एवढं. पण विचार करा, मालकाने पैसा ओतलेल्या जहाजावर ज्या वस्तूला भाव आहे ती वस्तू साध्या खलाशाला कोण फुकट वापरायला देईल? आणि दाताला एके काळी चांगला भाव होता. प्रशांत महासागरातल्या बेटांवर, विशेषतः फिजीमधे, देवमाशाचा दात ही फार मानाची वस्तू. त्याला तिथे तांबुआ म्हणतात, लग्नात, मयतीला, भांडण मिटवताना, माफी मागताना तो दोन्ही हातांनी पुढे करायचा असतो, आणि ही रीत आजही आहे. व्यापारी लोक हे दात नेऊन बेटांवरून चंदन आणायचे आणि ते चंदन चीनमधे विकायचे. म्हणजे दात हे जवळजवळ चलन होतं, आणि ते कुठून मिळवायचे, कुठे खपवायचे हे मोजक्या लोकांनाच माहीत होतं.

मग अमेरिकन नौदलाचा डेव्हिड पोर्टर नावाचा कॅप्टन प्रशांत महासागरात मोहिमेवर जाऊन आला आणि १८१५ मधे त्याने आपल्या सफरीची रोजनिशी छापली. त्यात दात कुठून येतात आणि कुठे खपतात हे सगळं उघड झालं. गुपित फुटल्यावर जे होतं तेच झालं, बाजारात दातांचा पूर आला आणि भाव पडला. आणि भाव पडला म्हणून दात खलाशांच्या वाट्याला यायला लागले. कोरलेले दात भरपूर सापडायला लागतात ते याच्यानंतरचे.

दुसरं कारण म्हणजे वेळ. मासा दिसला की सहा-सहा माणसं बसलेल्या छोट्या होड्या जहाजावरून खाली सोडायच्या आणि त्यातून शिकार करायची. एका वेळी तीन-चार होड्या सोडायच्या तर तेवढी माणसं हवीत, म्हणून तेवढ्याच आकाराच्या मालवाहू जहाजापेक्षा इथे दुपटीच्या आसपास माणसं भरलेली असायची, सरासरी तीसेक. मासा मिळाला की दिवसरात्र मरमर काम, डेकवरच विटांची भट्टी, त्यात चरबी उकळायची, सगळीकडे धूर आणि तेल. पण मासा दिसला नाही तर आठवडेच्या आठवडे काही नाही, आणि माणसं मात्र सगळी तिथेच.

पगार म्हणाल तर महिन्याचा नाहीच. आपल्याकडे काही मच्छीमार बोटींवर वाट्याची पद्धत असते ना, तसंच, सफर संपल्यावर जो नफा होईल त्यातला वाटा. नवख्या पोराचा वाटा दीडशेवा किंवा दोनशेवा भाग असायचा, आणि त्यातून जहाजावरच्या दुकानातून घेतलेले कपडे आणि तंबाखू वजा. चार वर्षं घालवून घरी जाताना खिशात जवळजवळ काही नाही अशी कितीतरी पोरं होती. मग आईला, बहिणीला, जिच्याशी लग्न ठरलंय तिला द्यायला काय न्यायचं? तर स्वतःच्या हाताने कोरलेली वस्तू.

कोरायचं कसं? गोंदणासारखंच

स्क्रिमशॉ हा शब्द नक्की कुठून आला याच्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, ते सोडून देऊ. करायचे कसे ते मात्र आपल्याला पटकन समजेल, कारण आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावर आणि हातावर जे गोंदण असायचं त्याचीच ही बहीण आहे. तिथे सुईने टोचून काजळी भरायची, इथेही तेच, फक्त कातडीच्या जागी दात.

दात जबड्यातून निघतो तेव्हा गुळगुळीत नसतो, त्याच्यावर खरबरीत उभ्या रेषा असतात. आधी चाकूने खरवडून त्या काढायच्या, मग वाळवलेल्या शार्कच्या कातडीने घासायचं, ती सॅंडपेपरसारखी असते, मग प्युमिस दगडाची पूड लावून चकचकीत करायचं. एवढ्यातच कित्येक दिवस जायचे. मग चित्र. ज्याचा हात चांगला तो थेट काढायचा, बाकीचे मासिकातलं चित्र कापून दातावर चिकटवायचे आणि रेषेरेषेवर सुईने टोचत जायचे, कागद काढला की ठिपके उरले, ठिपके जोडले की चित्र. आपण रांगोळीच्या छापाने ठिपके पाडतो आणि मग जोडतो, अगदी तसंच. कोरायला खिशातला चाकू नाहीतर शिडं शिवायची सुई. शेवटी काजळी तेलात कालवून वर फासायची आणि पुसून टाकायची, वरची निघून जाते, रेषांत बसलेली राहते. जहाजावर भट्टी आणि दिवे असल्यामुळे काजळीला काही तोटा नव्हता.

काचेच्या कपाटाला नाक लावून मी एका दातावरची बाई बघत होते, फॅशनच्या मासिकातली, फुगीर बाह्यांचा झगा घातलेली. तिच्या झग्याच्या काठाची लेस शंभरेक बारीक ठिपक्यांनी केली होती आणि एका ठिकाणी सुई घसरून रेघ खाली गेलेली होती, अगदी अर्ध्या बोटाएवढी. डेक हलला असणार. त्याने त्या रेघेला पुढे दोन-तीन रेघा जोडून झग्याची चुणी करून टाकली होती. मला त्या माणसाबद्दल एकदम इतकं प्रेम वाटलं की काय सांगू.

नुसते दातच नाही

स्क्रिमशॉ म्हटलं की लोकांना दातावरचं जहाज आठवतं, पण मला सगळ्यात जवळच्या वाटल्या त्या घरातल्या वस्तू. दिवाळीत करंजीची कड कापायला आपण जे कातणं वापरतो, नक्षीदार चाक आणि त्याला मूठ, हुबेहूब तेच तिथे ओळीने मांडलेलं होतं! तिकडे ते पाय (pie) नावाच्या पदार्थाची कड दाबायला आणि कापायला लागतं. मूठ कधी सापासारखी, कधी घोड्यासारखी, कधी मिटलेल्या मुठीसारखी, आणि चाक इतकं सफाईदार की आजच्या स्टीलच्या कातण्याला लाजवेल. लाटणी होती, कपड्यांचे चिमटे होते, हातातल्या काठ्या होत्या, सूत गुंडाळायचे छत्रीसारखे उघडणारे फाळके होते, त्या एकेका फाळक्यात कितीतरी पट्ट्या दोऱ्याने एकत्र बांधलेल्या.

आणि बस्क. ही वस्तू जरा समजावून सांगावी लागेल. त्या काळी तिकडच्या बायका कॉर्सेट घालायच्या, म्हणजे छातीपासून पोटापर्यंत घट्ट आवळणारी चोळीच म्हणा, ती ताठ राहावी म्हणून पुढच्या बाजूला मधोमध फुटपट्टीसारखी एक पट्टी सरकवायची, तिला बस्क म्हणतात. ही पट्टी खलाशी देवमाशाच्या हाडाची करायचे आणि तिच्यावर घर, झाड, बदाम, जहाज असं काहीबाही कोरायचे. कपड्याच्या आत असल्यामुळे ती बाहेरच्या कुणाला दिसायचीच नाही. आपण हजारो मैलांवर आणि आपण कोरलेली पट्टी तिच्या छातीशी, वर्षानुवर्षं बायकोचं तोंड न बघितलेल्या माणसाच्या मनात हे कोरताना काय चाललं असेल याची मला सारखी कल्पना येत राहते.

हे सगळं हस्तिदंत आहे का?

नाही, आणि इथे बराच गोंधळ होतो. इंग्रजीत ज्याला आयव्हरी म्हणतात ते म्हणजे दाताच्या आतला टणक पांढरा भाग, मग तो हत्तीच्या सुळ्यातला असो, वॉलरसच्या सुळ्यातला नाहीतर देवमाशाच्या दातातला. आपण त्याला सरसकट हस्तिदंत म्हणतो पण इथे हत्तीचा संबंध नाही. शिवाय बस्क, काठ्या, फाळके यातलं बरंचसं जबड्याच्या हाडाचं असतं. हाडात भिंगाने बघितलं तर बारीक छिद्रं किंवा काळपट रेघा दिसतात, रक्तवाहिन्यांच्या जागा, दातात त्या नसतात. आणि तिसरी वस्तू म्हणजे ती झालरीसारखी पट्टी, बलीन. ती दातही नाही आणि हाडही नाही, आपली नखं ज्या पदार्थाची असतात त्याचीच ती बनलेली असते, म्हणून वाकते.

हे कोरणारे होते कोण?

बहुतेक सगळे अनामिक. सही करायची पद्धतच नव्हती, घरी द्यायच्या वस्तूवर कोण नाव घालतं? त्यामुळे अभ्यासक रेषेच्या लकबीवरून माणूस ओळखतात, जसं आपण अक्षरावरून ओळखतो, आणि नाव माहीत नसेल तर टोपणनाव ठेवतात, एकाला नोटेवरच्या नक्षीसारखं बारीक काम करतो म्हणून बँकनोट एनग्रेव्हर असंच म्हणतात.

ज्यांची नावं माहीत आहेत त्यातला पहिला अमेरिकन म्हणजे नॅन्टकेटचा एडवर्ड बर्डेट, जन्म १८०५ चा. आणि दुसरा फ्रेडरिक मायरिक, त्याने सुसान नावाच्या जहाजावर असताना १८२८-२९ मधे एकामागून एक दात कोरले आणि त्यांच्यावर चक्क सही आणि तारीख घातली, त्यांना आज सुसानचे दात म्हणतात.

पण सगळे खलाशी गोरे अमेरिकन होते असं समजू नका. या जहाजांवर गुलामीतून सुटलेले आणि स्वतंत्र काळे लोक होते, अझोर्स आणि केप व्हर्दे बेटांवरचे पोर्तुगीज बोलणारे लोक होते, हवाईचे होते, मूळचे अमेरिकेतलेच आदिवासी होते. अनामिक दातांमागे यातले कितीतरी हात असणार. पुढे गुलामीविरुद्धचा मोठा वक्ता आणि लेखक झालेला फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळून १८३८ मधे आला तोही न्यू बेडफर्डलाच, आणि तिथे धक्क्यावर हमाली करून त्याने पोट भरलं.

खरा कसा ओळखायचा?

१८५९ मधे पेनसिल्व्हेनियात जमिनीतून तेल काढायला सुरुवात झाली, रॉकेल स्वस्त झालं, आणि देवमाशाच्या तेलाचा धंदा हळूहळू बसला. ज्या तेलासाठी एवढं सगळं केलं त्याला आज कोणी विचारत नाही आणि ज्या दाताला भाव नव्हता तो नामांकित हाताचा असेल तर लिलावात लाख डॉलरच्या वर जातो. राष्ट्राध्यक्ष केनेडींना याचा फार नाद होता, १९६२ च्या ख्रिसमसला पत्नीने त्यांना राष्ट्राध्यक्षांची मुद्रा कोरलेला दात भेट दिला होता आणि पुढच्या वर्षी त्यांची हत्या झाली तेव्हा तो त्यांच्याबरोबर शवपेटीत ठेवला. अशी किंमत आली की नकला येणारच.

बहिणीच्या नवऱ्याने जुन्या बाजारातून असाच एक दात आणला होता, जहाजाचं नाव, कॅप्टनचं नाव, तारीख, सगळं ठळक अक्षरात, विकणाऱ्याने दीडशे वर्षं जुना म्हणून सांगितला. तो प्लॅस्टिकच्या जातीतल्या रेझिनचा निघाला. १९६० च्या दशकापासून साच्यातून असे ढिगाने दात निघाले आहेत, आणि त्यांच्यामुळे लोकांची इतकी फसवणूक झाली की अभ्यासकांनी नकलांची यादीच छापून ठेवली आहे.

आम्ही तो कसा ओळखला ते सांगते. खऱ्या दाताच्या बुडाशी शंकूसारखा खोल खड्डा असतो, तिथे जिवंतपणी दाताचा गर असतो, आणि बुडाच्या कडेला झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात कारण दात वर्षावर्षाने थर चढवत वाढतो. आमच्या दाताचा खड्डा उथळ आणि आतून साबणासारखा गुळगुळीत होता, वर्तुळं नव्हती, आणि कडेला सुईच्या टोकाएवढे दोन हवेचे बुडबुडे होते. अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली खरा दात निळसर पांढरा चमकतो, आमचा मंद आणि मळकट दिसला. नेटवर लोक तापलेली सुई टोचून बघायला सांगतात, ते कृपा करून करू नका, खरा निघाला तर तुम्ही दोनशे वर्षांच्या वस्तूला डाग दिलात.

आणि दात खरा आहे एवढ्याने काम जुनं ठरत नाही. देवमाशांची सगळ्यात मोठी कत्तल शिडाच्या जहाजांनी नाही तर विसाव्या शतकात इंजिनाच्या जहाजांनी आणि तोफेने केली, त्यातले कोरे दात भरपूर फिरत होते आणि त्यांच्यावर नंतर कोरलं गेलं.

जुनं आहे ना, मग विकत घ्यायला काय हरकत?

हरकत आहे, निदान आपल्या लोकांना तरी. अमेरिकेत १९७२ मधे सागरी सस्तन प्राण्यांसाठी आणि १९७३ मधे संकटग्रस्त प्राण्यांसाठी कायदे झाले, त्यात शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला सवलत आहे पण वय सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांचे स्वतःचे कायदे आणखी कडक आहेत. आणि देशाची सीमा ओलांडली की वेगळाच मामला, सायटीस नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, स्पर्म व्हेल त्याच्या सगळ्यात कडक यादीत आहे आणि भारतही या करारात आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देवमाशाला संरक्षण आहे, अंबरग्रीसवाले पकडले जातात ते याच कायद्याखाली. तेव्हा अमेरिकेला मुलांकडे जाऊन येताना कुणी हौसेने बॅगेत घालून आणायचा विचार करत असेल तर करू नका. आवडलं तर आधुनिक कलाकार शाकाहारी हस्तिदंतावर, म्हणजे टाग्वा नावाच्या ताडाच्या बीवर, असंच कोरतात, ते बघा.

पण इतक्या क्रूर धंद्यातून आलेली वस्तू कौतुकाने बघायचीच कशाला?

हा प्रश्न मला बहिणीच्या मुलीने तिथेच विचारला, वय वर्षं दहा. बरोबरच विचारला. भाल्याने भोसकून, तासन्‌तास होडीला ओढायला लावून, रक्त ओकेपर्यंत त्या प्राण्याला दमवायचे, आणि कोरलेल्या चित्रांतही तेच आहे, लपवलेलं नाही. होडी, भाला उगारलेला माणूस, नाकपुडीतून उडणारं रक्त. मी तिला म्हटलं, म्हणूनच बघायचं. जहाजाच्या मालकाच्या हिशेबाच्या वहीत मासा म्हणजे नुसती पिंपं असतात, अमुक दिवशी अमुक पिंपं. तो मासा कसा मेला, समोर कोण होतं, त्या माणसाला घराची किती आठवण येत होती, हे फक्त या दातांवर आहे, आणि तेही त्याच माशाच्या दातावर. क्रूरपणा वेगळा काढून नुसती लेस बघता येत नाही आणि लेस पुसून नुसता क्रूरपणाही बघता येत नाही.

मायरिकच्या सुसानच्या दातांवर दोन ओळी आहेत, त्यांचा अर्थ साधारण असा, जिवंतांना मरण येवो, मारणाऱ्यांना दीर्घायुष्य, खलाशांच्या बायकांना यश आणि शिकाऱ्यांना तेलकट नशीब. तेलकट म्हणजे तेलाने भरलेलं, त्यांच्यात हा आशीर्वादच होता. मी तो अर्थ भाचीला मराठीत सांगितला तर ती म्हणाली, पहिली ओळ मला नको, दुसरी चालेल.

मग तिने विचारलं की पहिल्या दातवाल्याचं, बर्डेटचं, पुढे काय झालं. तो १८३३ मधे शिकारीच्या वेळी भाल्याच्या दोरात अडकला आणि देवमाशाने त्याला ओढून समुद्रात नेलं. तिशीही झाली नव्हती त्याची. ती बराच वेळ त्याच्या दातासमोर उभी राहिली, मी पुढच्या कपाटाकडे गेले तरी आली नाही.